मूल गृहपाठाला बसतं, पण लक्ष टिकत नाही: काय तपासावं, कोणत्या क्रमानं

वही उघडून वीस मिनिटं झाली आणि पानावर फक्त तारीख आहे. पेन्सिलीला तिसऱ्यांदा टोक काढून झालं, दोनदा पाणी पिऊन झालं, आता खोडरबराचे तुकडे ओळीनं मांडणं चाललंय. तुम्ही "अरे, लिही ना" म्हणता, तो दोन शब्द लिहितो आणि पुन्हा तेच. अर्ध्या तासाचं काम दोन तास चालतं आणि शेवटी कुणीतरी रडतं.

गेली चौदा वर्षं मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, बहुतेक पहिली ते सातवीची. पहिल्या भेटीत पालक जे बोलतात ते जवळपास ठरलेलं असतं: "डोकं चांगलंय हो, पण लक्षच देत नाही." तक्रार एकच, पण तिच्यामागचं कारण मला दर वेळी निराळं सापडलं. कुणाची झोप अपुरी होती, कुणाला फळा नीट दिसत नव्हता, कुणाचं गाडं दोन वर्षांपूर्वी हातच्याच्या वजाबाकीत अडलं ते तिथेच राहिलं होतं. बाहेरून मात्र ही सगळी मुलं सारखीच दिसायची, चुळबूळ करणारी आणि खिडकीबाहेर बघणारी. म्हणून "लक्ष दे" असं सांगणं मी जवळजवळ सोडून दिलंय. लक्ष नेमकं कुठे तुटतं, ते आधी बघते.

लक्षणं

तुमचं मूल यांपैकी कुठे बसतं ते शोधा. दोन-तीन एकदम लागू पडली तरी हरकत नाही.

– बसायलाच तयार नसतं. हाक मारली की "पाच मिनिटं", आणि ती पाच मिनिटं संपत नाहीत.
– बसतं, पण सुरुवात होत नाही. दप्तर उघडणं, वही शोधणं, समास आखणं यातच वेळ जातो.
– सुरुवात चांगली होते, दहा-बारा मिनिटांनी गाडी घसरते.
– एका विषयाला तासभर बसतं, दुसऱ्याला पाच मिनिटंही नाही.
– तुम्ही शेजारी असलात तर करतं, उठलात की पेन्सिल थांबते.
– तोंडी विचारलं तर धडाधड सांगतं, तेच लिहायला सांगितलं की अडतं.
– मध्येच काही सेकंद हरवतं. हाक मारली तरी ऐकत नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू करतं.

हे शेवटचं लक्षण वारंवार दिसत असेल, तर मधलं सगळं सोडून थेट 'थांबायचं कधी' या भागाकडे जा. तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

आधी तीन दिवस फक्त नोंद

पहिल्या तपासणीला एक कागद आणि पेन्सिल पुरते. तीन दिवस काहीही बदलायचं नाही, रागवायचं नाही, फक्त तीन गोष्टी लिहायच्या: मूल किती वाजता बसलं, पहिल्यांदा किती वाजता उठलं किंवा भरकटलं, आणि त्या क्षणी त्याच्यासमोर नेमकं काय होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे आणि लोक नेमकी तीच ढोबळ लिहितात. "गणित" असं लिहू नका. "शाब्दिक उदाहरण, दुसरं, वाचून झाल्यावर" असं लिहा. चौथीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. आई म्हणे की ही दहा मिनिटांवर टिकतच नाही. नोंद केल्यावर दिसलं की आकड्यांची उदाहरणं ती सलग पंचवीस मिनिटं करत होती. ती उठायची ते दर वेळी परिच्छेद वाचायची वेळ आली की. अडचण वाचनात होती आणि आम्ही सगळे तिला एकाग्रतेबद्दल बोलत होतो. त्या तीन कागदांनी आमचे पुढचे दोन-तीन महिने वाचवले.

नोंद झाल्यावर पुढच्या तपासण्या एकेक करून करा. एका वेळी एकच बदल, आणि त्याला चार-पाच दिवस द्या. झोपेची वेळ, टेबलाची जागा आणि फोनचा नियम एकाच सोमवारी बदलला तर गुण कशाचा आला ते कळणार नाही, आणि आठवड्यानं सगळंच सुटेल.

१. झोप, भूक आणि घड्याळ

इथे फुकटात दुरुस्ती होते, म्हणून आधी हे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये केली. एक आठवडा खरी झोप मोजा. अंथरुणावर पडल्याची वेळ धरू नका, झोप लागल्याची धरा. बऱ्याच घरांत आठवीतल्या मुलाइतकी झोप दुसरीतलं मूल घेत असतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. झोप कमी पडलेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा उलट वागतं: जास्त पळतं, जास्त बोलतं, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतं. त्यामुळे "याला तर झोपच येत नाही, केवढी ताकद आहे बघा" हे ऐकलं की मी आधी झोपेचे तास विचारते. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर नऊ तास अंथरुणात काढूनही त्याची झोप पुरी होत नाही. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की असं होतं. ते डॉक्टरांना दाखवायचं काम आहे.

भुकेचं साधं आहे. शाळेतून आल्यावर पोटात काही जाण्याआधी वही उघडायची नाही.

वेळेचं मात्र घराघरांत चुकतं. शाळेतून आलं की लगेच बसवायचं म्हणजे संध्याकाळ मोकळी, हा हिशेब मोठ्यांचा. मूल सहा-सात तास बसूनच आलेलं असतं. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये साधारण साडेनऊ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. २० मिनिटं चालून आल्यावर मुलांनी लक्ष लावायच्या कामात कमी चुका केल्या आणि वाचनाच्या चाचणीतही त्यांची कामगिरी चांगली झाली. तुलना होती त्याच मुलांच्या शांत बसल्यानंतरच्या कामगिरीशी. माझा अनुभवही तसाच आहे: आधी अर्धा तास पळणं, मग अभ्यास. पण पळण्याच्या जागी स्क्रीन आली की उलटं होतं. खेळातून मूल दमून आणि निवळून येतं, व्हिडिओतून उठताना ते भांडून उठतं. मग वहीची पहिली दहा मिनिटं त्या भांडणातच जातात.

एकदा वेळ ठरली की ती रोज तीच ठेवा. "आज कधी बसायचं?" हा प्रश्न रोज उभा राहिला तर रोज घासाघीस होणार. बसायलाच तयार नसणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचं तरी माझ्याकडे एवढ्यानंच मार्गी लागलं.

२. बसायची जागा

मुलाच्या खुर्चीवर त्याच्या पायांकडे बघा. ते हवेत लोंबत असतील तर मूल दर मिनिटाला सरकणार, गुडघ्यावर बसणार, घसरणार. अधांतरी पायांनी शरीर स्थिर ठेवायलाच ताकद लागते. पायाखाली पाट किंवा एखादं मजबूत खोकं ठेवा, म्हणजे गुडघे काटकोनात येतील. चुळबूळ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी मी असं खोकं ठेवून मिटवल्यात. दुसरं, उजेड. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरांवर पडते.

टेबलावर आत्ता चालू असलेलं पुस्तक, वही आणि एक पेन्सिल एवढंच असावं. टोक काढलेल्या चार पेन्सिली आधीच तयार ठेवल्या की उठायचं एक निमित्त कमी होतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून किंवा आवाज बंद करून टेबलावर ठेवलेला फोन दूर ठेवल्यासारखा होत नाही, कारण तो तिथे आहे हे मूल विसरत नाही. आणि हा नियम त्या वेळेपुरता तुम्हालाही लागू करा. शेजारी बसून आई-बाबा फोन बघत असतील तर मुलाची नजर तिथेच जाणार.

बंद खोली सगळ्यांना मानवत नाही. काही मुलं एकटी पडली की थांबतात, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुणाच्या तरी वावरात, नीट काम करतात. एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे करून बघा.

३. काम आहे तरी किती?

मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी गृहपाठाचं माप काढा. अमेरिकेत एक ढोबळ अंदाज वापरतात, इयत्तेला १० मिनिटं. म्हणजे पहिलीला १०, तिसरीला ३०, सहावीला साधारण तासभर. ड्यूक विद्यापीठातले संशोधक हॅरिस कूपर या अंदाजाच्या बाजूचे. गृहपाठावरच्या संशोधनाचा त्यांनी सहकाऱ्यांसह घेतलेला मोठा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गृहपाठ आणि शालेय यश यांचा संबंध वरच्या इयत्तांत बऱ्यापैकी दिसतो, लहान इयत्तांत तो फार क्षीण असतो, असं त्यात आढळलं.

म्हणून दुसरीतल्या मुलाचं काम नीट लक्ष लावूनही सव्वा तास चालत असेल, तर ती मुलाची बाब नाही. दोन दिवस खरा वेळ मोजा आणि वहीत शिक्षकांसाठी तेवढंच लिहून पाठवा: "चाळीस मिनिटं एकाग्रतेनं काम केलं, इथपर्यंत झालं." सूर तक्रारीचा नको. मला भेटलेल्या बहुतेक शिक्षकांनी हे समजून घेतलं, कारण वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरी किती वेळ लागतो हे त्यांना कुठून कळणार?

४. सुरुवात कुठून करायची हे त्याला कळलंय का?

आता खऱ्या दुखण्याकडे. "बसतं, पण सुरुवात होत नाही" अशा मुलांपैकी बहुतेकांचं मी इथेच पकडलंय, आणि इथवर यायला पालकांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण आपल्या डोळ्यांना ही अडचण दिसतच नाही.

"भूगोलाचा स्वाध्याय पूर्ण करा" हे आपल्याला एक काम वाटतं. मुलाच्या बाजूनं मोजा: कोणता धडा ते आठवणं, पुस्तकात तो शोधणं, प्रश्न वाचणं, त्यातलं नेमकं काय विचारलंय ते कळणं, धड्यात उत्तर कुठे आहे ते हुडकणं, ते आपल्या शब्दांत मनात जुळवणं, आणि ते मनात धरून ठेवत असतानाच अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, समास सांभाळत लिहिणं. एका वेळी मनात धरून ठेवायची आपली जागा फार लहान असते. मोठ्या माणसाच्या मनात एकावेळी साधारण चार सुट्या गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. मुलांच्या मनात त्याहून कमी मावतात, आणि ही क्षमता किशोरवयापर्यंत वाढत राहते. वर मोजलेली यादी त्या जागेत मावत नाही. मग मूल खोडरबराशी खेळायला लागतं. आपल्याला ते टंगळमंगळ करताना दिसतं, आणि त्याला खरोखरच पहिलं पाऊल सापडत नसतं.

तपासायची रीत सोपी. मूल बसल्यावर विचारा: "आता पहिल्यांदा काय करणार आहेस? मला सांग." उत्तर "अभ्यास" किंवा "मराठी" असं आलं, किंवा खांदे उडवले, तर तुम्हाला अडचण सापडली. "पान बेचाळीसवरचा पहिला प्रश्न वाचणार" असं उत्तर आलं तर पुढच्या तपासणीकडे जा.

दुरुस्ती अशी. काम बोलून तोडायचं आणि तोडलेलं कागदावर लिहायचं, शक्यतो मुलाच्याच हातानं. प्रश्न वाच. उत्तर ज्या ओळीत आहे तिच्याखाली पुस्तकात बारीक रेघ मार. ते मला तोंडी सांग. मग लिही. प्रत्येक पायरी झाली की तिच्यासमोर खूण. त्या लहान जागेवरचा भार कागदानं उचलला की मुलाच्या हातात लिहिण्यापुरती ताकद उरते. पहिली पायरी मुद्दाम हास्यास्पद वाटावी इतकी लहान ठेवा. "धडा उघड आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाच" याला नाही म्हणणारं मूल मी क्वचितच पाहिलं. एकदा पहिलं वाक्य लिहिलं की दुसऱ्याचं ओझं अर्ध्यानं कमी होतं.

तोंडी धडाधड येतं पण लिहिताना अडतं, त्या मुलांसाठी मी आणखी एक करते. उत्तर आधी तोंडी सांगू देते आणि त्यातले तीन-चार शब्द कागदाच्या कडेला टिपून देते. मग त्यानं लिहायचं. आठवणं आणि लिहिणं एकाच वेळी करावं लागत नाही.

दहा-बारा मिनिटांनी घसरणाऱ्यांना घड्याळाची मदत होते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली, ती आज बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण २५ मिनिटं हे माप मोठ्या माणसाचं. तुमच्या नोंदीच्या कागदावर मूल पहिल्यांदा किती मिनिटांनी तुटतं ते लिहिलेलंच आहे. सरासरी अकरा असेल तर घड्याळ नऊ मिनिटांवर लावा. तुटायच्या आधी विश्रांती मिळाली पाहिजे, म्हणजे "मला जमलं" अशा भावनेवर थांबता येतं. आठवड्यानं एक-दोन मिनिटं वाढवा. विश्रांतीत उठणं, उड्या मारणं, पाणी पिणं चालेल. स्क्रीन नाही, कारण तिथून परत आणायला तुम्हालाच दहा मिनिटं लागतील.

५. खालची पायरी निखळली आहे का?

एकाच विषयाला लक्ष लागत नसेल तर कारण बहुधा त्या विषयातच असतं. पाचवीतला एक मुलगा अपूर्णांक आले की पोटात दुखतं म्हणायचा, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला अपूर्णांकांच्या आधीच्या पानांवर नेलं, त्याच्याही आधी नेलं, आणि शेवटी तो सहाच्या पाढ्यावर अडला. सहा ते नऊचे पाढे त्याला बोटांवर मोजून काढावे लागत होते. प्रत्येक छेद काढताना तो इतका दमायचा की मूळ उदाहरण काय होतं तेच विसरायचा. आम्ही तीन आठवडे अपूर्णांकांना हात लावला नाही, रोज दहा मिनिटं पाढे केले. पोटदुखी कमी होत गेली.

ही तपासणी पालकांना घरी करता येते. अडलेल्या धड्यातून मागे जा, मग आदल्या इयत्तेच्या पुस्तकात जा, आणि मूल न अडखळता, न चिडता करतं ते पान शोधा. काम तिथून सुरू करायचं. मराठीत किंवा इंग्रजीत अडत असेल तर त्याला एक परिच्छेद मोठ्यानं वाचू द्या आणि तो मिटून काय वाचलं ते विचारा. वाचता येतं पण सांगता येत नाही, की वाचतानाच अक्षरं जुळवावी लागतात, या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत.

मागच्या इयत्तेचं पुस्तक काढताना मुलाला लाज वाटते. भावंडांसमोर ते करू नका. "हे तर तुला तिसरीत यायला हवं होतं" हे वाक्य तर मनातही आणू नका. मुलं ते चेहऱ्यावर वाचतात.

६. आपलं शेजारी बसणं

तुम्ही उठलात की पेन्सिल थांबते, याचा अर्थ मूल तुमच्यावर रेलून चाललंय. बऱ्याचदा आपण शेजारी बसून त्याच्या जागी विचार करत असतो: पुढचा शब्द सांगतो, चूक लिहून होण्याआधीच "अंहं" करतो. काही दिवसांनी मूल स्वतः ठरवायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघून लिहायला लागतं.

हे एकदम तोडू नका, अंतर हळूहळू वाढवा. पहिला आठवडा शेजारी बसा पण आपलं काहीतरी वाचत किंवा निवडत बसा. दुसऱ्या आठवड्यात त्याच खोलीत, पण लांब. मग "तीन उदाहरणं झाली की हाक मार, मी आत आहे." चुका शेवटी एकदम बघायच्या, आणि त्याही "यातलं एक चुकलंय, शोध बरं" असं म्हणून.

गणिताची स्वतःला धास्ती असलेल्या आई-बाबांना एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे मुलांना वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची स्वतःची भीती वाढली. गणिताला घाबरणारे पण फारशी मदत न करणारे पालक होते, त्यांच्या मुलांत तसं आढळलं नाही. "मलाही कधी जमलं नाही बघ" हे आपण धीर द्यायला म्हणतो. मुलाच्या कानावर मात्र ते "हे आपल्या घरात जमत नाही" असं पडतं. अशा वेळी गणितापुरतं घरातल्या दुसऱ्या कुणाला, मोठ्या भावंडाला किंवा शिक्षकांना सांगा, आणि तुम्ही वाचनाला बसा.

आणि आवाज चढू लागला की त्या दिवसापुरतं थांबा. रडणाऱ्या मुलाच्या डोक्यात भागाकार शिरत नाही. अर्धवट वही शाळेत गेली तर एक शेरा मिळेल, तो मी स्वीकारते. रोजची रडारड मात्र मुलाच्या मनात वहीशी कायमची चिकटते.

थांबायचं कधी, आणि कुणाकडे जायचं

वरचं सगळं एकेक करून सहा-आठ आठवडे मनापासून केलं आणि तरी नोंदीचा कागद जागचा हलला नाही, तर घरी आणखी युक्त्या शोधत बसू नका. काही खुणा दिसल्या तर तेवढंही थांबायचं नाही.

सगळ्यांत आधी ते काही सेकंद हरवणं. मूल बोलता-बोलता किंवा लिहिता-लिहिता थिजतं, नजर एका जागी लागते, पापण्या फडफडतात, हाक मारून किंवा खांद्याला हात लावूनही परत येत नाही, आणि पाच-दहा सेकंदांनी आपोआप पुढे सुरू करतं. दिवास्वप्न बघणारं मूल हात लावला की भानावर येतं, हे मूल येत नाही. हा फिट्सचा एक प्रकार असू शकतो. यात मूल पडत नाही, झटके देत नाही, त्यामुळे ते दिवसातून कितीतरी वेळा झालं तरी वर्गात आणि घरात "लक्ष नाही" म्हणून खपून जातं. त्यावर चांगले उपचार आहेत. जमलं तर एकदा फोनवर चित्रित करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डोळे आणि कान दरवर्षी तपासावेत असं माझं मत आहे, तक्रार असो वा नसो. मूल डोळे बारीक करतं, एक डोळा झाकतं, वाचताना ओळ चुकते, अभ्यासानंतर डोकं दुखतं, या खुणा ओळखा. लांबचा तक्ता वाचून घेतला आणि सगळं नीट आलं तरी जवळचं बघताना त्रास असू शकतो, म्हणून तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच करून घ्या आणि अडचण वाचताना येते हे त्यांना सांगा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, सर्दीत अधिक. असं मूल एक दिवस ऐकतं, एक दिवस ऐकत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

सतत थकवा, फिकट चेहरा, थोडं पळलं की धाप, असं असेल तर रक्त तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलाचं लक्ष लवकर ढळतं. मात्र लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. जादा लोह लहान मुलांना विषारी ठरतं.

वाचनात, लेखनात किंवा आकड्यांत मूल बरोबरीच्या मुलांच्या खूप मागे आहे, नीट शिकवूनही महिनोन्महिने तिथेच आहे, आणि बाकी बाबतींत तल्लख आहे, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यायला बाल मानसशास्त्रज्ञांकडे जा. जास्त गृहपाठानं ती दूर होत नाही. त्यासाठी शिकवायची पद्धतच वेगळी लागते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं सतत जड जाणारी अवस्था, हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलते. निदानासाठी डॉक्टर जे निकष वापरतात त्यांत लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसू लागलेली असणं, किमान ६ महिने टिकलेली असणं, आणि घर, शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणं, हे सगळं येतं. जे मूल फक्त गृहपाठालाच भरकटतं आणि शाळेत, खेळात, मित्रांत ठीक असतं, त्याच्याबद्दल आधी या कागदावरच्या पहिल्या सहा गोष्टी बघा. याउलट जे रांगेत थांबू शकत नाही, आवडीच्या खेळातही पाळी सोडतं, रोज काहीतरी हरवून येतं, त्याला घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. रक्ताच्या एका चाचणीनं हे ठरत नाही, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तर नाहीच.

एक खूण मी शेवटी ठेवलीय, पण ती दिसली तर सगळ्यांत आधी धावायचं. आधी बरं चालणारं मूल अचानक बदलतं: अभ्यास सुटतो, झोप बिघडते, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं, आवडीचं खेळणंही नको होतं. अशा वेळी गृहपाठ बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. शाळेत कुणी त्रास देतंय का, घरातल्या कशानं ते धास्तावलंय का, हे हळूच विचारा. लगेच बोलेल असं नाही. "मला जगायचंच नाही" किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल ते एकदा जरी बोललं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

जाताना नोंदीचे कागद, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या वह्या, झोपेचे तास आणि वर्गशिक्षकांचं चार ओळींचं निरीक्षण बरोबर न्या. डॉक्टरांच्या खोलीत मूल बऱ्याचदा अगदी शहाण्यासारखं बसतं. त्या पंधरा मिनिटांत न दिसणारं त्या वह्यांत दिसतं. आणि निघण्याआधी मुलाला सांगा की आपण का जातोय. मी साधारण असं सांगते: "तू प्रयत्न करतोस ते मला दिसतंय. तरी जड जातंय. का जड जातंय ते शोधायला आपण त्यांची मदत घेणार आहोत." एका आठ वर्षांच्या मुलानं हे ऐकून मला विचारलं होतं, "म्हणजे मी वाईट नाहीये?" तो दोन वर्षं तेच समजून बसला होता.